कॉन्व्हेंटच्या टीचरशी बोलायचं कसं? कॅलेंडरातल्या चिठ्ठीपासून ओपन डेपर्यंत

शाळा सुटताना टीचरला गेटवर गाठू नका. हा लेख एका ओळीत उरकायचा असता तर मी हीच ओळ लिहिली असती. पण तेवढ्याने भागत नाही. गेटवर नाही, तर मग कुठे, कधी, कोणाला आणि काय म्हणायचं, हे पालकांना कोणी सांगत नाही.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये अठरा वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. माझी मुलगी शिकली ती दुसऱ्या कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. खाली लिहिलेल्या चुका मी टीचर म्हणून पाहिल्या आणि त्यातल्या निम्म्या आई म्हणून स्वतः केल्या. घरात मराठी बोललं जातं आणि मूल ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेत पहिली ते चौथीत आहे, अशा घरांसाठी हे लिहिते आहे.

आधीची तयारी: शाळेत कोण काय बघतं

बहुतेक गोंधळ इथेच होतो. पालक चुकीच्या माणसाकडे बरोबर तक्रार घेऊन जातात.

वर्गातलं सगळं क्लास टीचर बघते: बसायची जागा, अपुऱ्या वह्या, भांडणं, रिमार्क, हजेरी. मराठी, हिंदी, पी.टी. किंवा कॉम्प्युटरची टीचर वेगळी असली तरी पहिली चिठ्ठी क्लास टीचरलाच जाते, ती पुढे पोचवते. तिच्या वर सुपरव्हायजर, सगळ्या शाळांत नाही पण मोठ्या शाळांत असते. त्यावर प्रायमरीची हेडमिस्ट्रेस. अनेक शाळांत प्रायमरीला हेडमिस्ट्रेस आणि सेकंडरीला प्रिन्सिपल अशी विभागणी असते. चौथीच्या मुलाची आई प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर तासभर बसून परत पाठवली जाते ती यामुळेच.

त्याही वर मॅनेजर. पॅरिशच्या, म्हणजे एखाद्या चर्चने चालवलेल्या, शाळेत हे काम साधारणपणे चर्चचे फादर बघतात, सिस्टरांच्या शाळेत त्यांच्या संस्थेतली एखादी वरिष्ठ सिस्टर. प्रॉटेस्टंट संस्थांच्या शाळांत ट्रस्ट असतो, तिथे ‘फादरना भेटायचंय’ म्हणून गेलात तर वॉचमन गोंधळून तुमच्याकडे बघेल. कॅथलिक शाळा, प्रॉटेस्टंट शाळा, कोणत्या संस्थेच्या सिस्टर चालवतात, हे कॅलेंडरच्या (म्हणजे शाळेच्या डायरीच्या) पहिल्या दोन पानांवर छापलेलं असतं. ती पानं कोणी वाचत नाही.

नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आधार, बोनाफाइड, फी, कन्सेशन हे सगळं ऑफिसचं काम. टीचरला त्यातलं काही बदलता येत नाही. नाव जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेशनोंदीत, असतं आणि ते ऑफिसच्या कपाटात असतं.

⚠ थांबा: चर्चमध्ये, मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) किंवा फेस्टच्या (चर्चच्या सणाच्या) जेवणात फादरना शाळेचं गाऱ्हाणं सांगू नका. ते ऐकून घेतील, मान डोलावतील आणि सोमवारी हेडमिस्ट्रेसला विचारतील. मग टीचरला ते तिसऱ्या तोंडून कळेल. तुमचं काम तिथेच बिघडलं म्हणून समजा.

टप्पा १: जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडर भरून टाका

इतर शाळांत ज्याला डायरी म्हणतात त्याला मुंबईतल्या बऱ्याच कॉन्व्हेंटांत कॅलेंडर म्हणतात, काही ठिकाणी हँडबुक. शाळा आणि घर यांच्यातला खरा टपालवाला तोच. त्यात रजेचं पान, उशिरा आल्याचं पान, रिमार्कचं पान आणि टीचर-पालक पत्रव्यवहाराची पानं अशी वेगवेगळी पानं असतात.

पहिल्या आठवड्यात चार गोष्टी करा. माहितीचं पान पूर्ण भरा, रक्तगट आणि दोन चालू फोन नंबरांसकट. मुलाला दमा, फिट, चष्मा, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती तिथे लिहाच, शिवाय वेगळ्या कागदावर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह क्लास टीचरला द्या. आई, बाबा, आजी यांच्यातलं ज्याचं सही करायचं काम असेल त्याची नमुना सही करा. आणि नियमांची पानं बसून वाचा. केस किती, बूट कोणते, टिफिनला काय नको, वाढदिवसाला चॉकलेट चालतं की नाही, हे सगळं तिथे असतं.

आजारपण लपवू नका. ‘टीचर तिला वेगळं वागवेल’ म्हणून एका घराने मुलीची फिटची गोळी माझ्यापासून लपवली होती. ऑगस्टमध्ये असेंब्लीत ती मुलगी पडली. मला काहीच माहीत नव्हतं, मी तिच्या तोंडावर पाणी मारत बसले. पुढे काय झालं असतं ते आजही आठवायला नको वाटतं.

✔ तपासा: कॅलेंडर दररोज बघणारं घरात एकच माणूस आहे ना? ‘मला वाटलं तू बघितलंस’ या वाक्याने अर्धे निरोप बुडतात.

टप्पा २: चिठ्ठी

या टप्प्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नव्वद टक्के काम चिठ्ठीत होतं आणि नव्वद टक्के पालक ती लिहीतच नाहीत. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण अठरा वर्षांच्या अंदाजाचा.

पहिली अडचण भाषेची. ‘आमचं इंग्रजी तेवढं नाही’ म्हणून पालक गप्प बसतात, किंवा क्लासच्या सरांकडून, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून चिठ्ठी लिहून आणतात. ती चिठ्ठी लगेच ओळखू येते. तीत ‘काइंडली डू द नीडफुल’ असतं आणि नेमकं काय करायचं ते नसतं. मराठीत लिहा. टीचरचं आडनाव डिसोझा, परेरा, लोपीस बघून तिला मराठी येत नसेल असं धरून चालू नका. माझ्या स्टाफरूममधल्या निम्म्या जणी वसई-विरारहून यायच्या, घरी सामवेदी किंवा वाडवळी या तिकडच्या बोली बोलायच्या आणि त्यांचं मराठी माझ्या पुणेरी सुनेपेक्षा रांगडं आणि चोख होतं. गोरई-उत्तनच्या, वांद्र्याच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या) टीचरांचंही तसंच. मंगलोरच्या किंवा केरळच्या एखाद्या टीचरला वाचायला त्रास होतो. तेव्हा जूनमध्येच एकदा विचारून घ्या: “टीचर, मराठीत लिहिलं तर चालेल ना?” एवढं विचारल्याचा कोणालाही राग आलेला मी पाहिला नाही.

दुसरी अडचण आपल्याला सगळं एकदम सांगायचं असतं ही. खालची चिठ्ठी मला खरोखर आली होती, नावं काढून देते:

“टीचर, आमचा मुलगा घरी सगळं पाठ म्हणतो पण शाळेत तुम्ही त्याच्याकडे लक्ष देत नाही. मागच्या वर्षीच्या मिस चांगल्या होत्या. वही अपूर्ण असते. त्याला मागे का बसवलं? त्या अमक्याला रोज पुढे बसवता. डबाही परत येतो. कृपया लक्ष द्यावे.”

या चिठ्ठीत चार प्रश्न आणि दोन आरोप आहेत. पंचावन्न मुलांचा वर्ग, दोन तासांमध्ये पाच मिनिटं. मी काय उत्तर देणार? मी लिहिलं, ‘नोटेड’. सगळ्याच टीचर तेच लिहितात, आणि ‘नोटेड’चा अर्थ पुढे काही होणार नाही असा असतो.

हीच गोष्ट अशी लिहायला हवी होती:

“टीचर, सोमवारी आणि मंगळवारी गणिताची वही अपुरी आली. विचारल्यावर तो फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. तो कितव्या बाकावर बसतो? दोन दिवस पुढे बसवून बघता येईल का? शुक्रवारपर्यंत कळवावं. आपली, (सही, फोन).”

तारीख, एक घडलेली गोष्ट, मूल काय म्हणालं ते, एक प्रश्न, एक विनंती, उत्तराचा दिवस. सहा ओळी. मुलाला ‘हुशार’ किंवा ‘आळशी’ म्हणायची गरज नाही, टीचरलाही कसलं विशेषण नको.

वरची चिठ्ठी मी काल्पनिक लिहिलेली नाही. दुसऱ्या एका घरातून ती जवळजवळ अशीच आली. मी त्या मुलाला पहिल्या बाकावर आणलं, दोन दिवसांत वही पूर्ण यायला लागली, मग डोळे तपासले तर नंबर निघाला. त्याआधी तीन महिने मी त्याच्या कॅलेंडरात ‘केअरलेस’ असा रिमार्क देत होते. तो दोष माझा. पण ते घडलेलं मला घरूनच कळणार होतं, आणि घरी कॅलेंडरवर नुसती सही होत होती.

रिमार्कवर नुसती सही करू नका हे त्यातूनच आलं. सही म्हणजे ‘वाचलं’. काय केलं ते एका ओळीत लिहा: “बोललो. उद्या वही आणेल.” आणि रिमार्क चुकीचा वाटला तर त्याच पानावर वाद घालू नका. ते पान मूल वाचतं, शेजारचं मूलही वाचतं. फक्त लिहा: “याबद्दल भेटायचं आहे, वेळ कळवावी.”

⚠ थांबा: रागात चिठ्ठी लिहिली असेल तर ती कॅलेंडरात लिहू नका, आधी कोऱ्या कागदावर लिहा. सकाळी पुन्हा वाचा. सकाळीही तेवढीच बरोबर वाटली तर उतरवून काढा. माझ्या मुलीच्या चौथीत मी एकदा असं न करता लिहून मोकळी झाले आणि वर्षभर त्या टीचरशी ‘गुड मॉर्निंग’पलीकडे बोलणं झालं नाही.

✔ तपासा: चिठ्ठी असेल त्या दिवशी मुलाला सांगा, “कॅलेंडर पहिल्या तासाला टीचरच्या टेबलावर ठेव.” दप्तरात राहिलेली चिठ्ठी टीचरला स्वप्नात दिसत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाच्या कॅलेंडरातून कागदाचा कोपरा बाहेर येईल असा ठेवा.

टप्पा ३: थांबा, पण मोजून

दोन शाळेचे दिवस. तोवर दुसरी चिठ्ठी नको, फोन नको. उत्तर आलं नाही तर त्याच पानावर खाली एक ओळ: “वरच्या चिठ्ठीबद्दल.” त्यानंतरही काही नाही, तर भेट मागा.

टीचरचा खासगी नंबर कुठून तरी मिळवून रात्री साडेनऊला ‘गुड इव्हनिंग मिस’ पाठवणारे पालक असतात. नंबर तिनेच दिला असेल तरी तो सहलीच्या दिवशी आणि आजारपणात वापरा, उद्याच्या डिक्टेशनचे शब्द विचारायला नको.

टप्पा ४: भेट मागणं आणि भेटणं

भेटीची वेळ कॅलेंडरात किंवा ऑफिसच्या बोर्डवर असते. बऱ्याच शाळांत आठवड्यातला एखादा दिवस, सुट्टीनंतर अर्धा तास असा ठरलेला असतो. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळचा वर्ग सुटताच त्याच खोलीत दुपारचा वर्ग भरतो. तुम्हाला उभं राहायला जागा नसते, टीचरलाही नसते. संध्याकाळी सुटणाऱ्या शाळेत टीचर विरारची लोकल गाठायला पळत असते. गेटवर गाठू नका म्हटलं ते याचसाठी: ती तुमचं ऐकत नसते, घड्याळ बघत असते, आणि तुमच्या मुलाचं नाव आजूबाजूच्या दहा आया ऐकत असतात.

काही दिवस टाळा. कोणत्याही चाचणीचा आठवडा. शाळेच्या नावाच्या संताचा सण आणि आदला आठवडा: सेंट झेवियरच्या नावाची शाळा असेल तर ३ डिसेंबर, डॉन बॉस्कोंच्या शाळांत ३१ जानेवारी. वांद्र्यात ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून माउंट मेरीची जत्रा आठवडाभर चालते, त्या भागातल्या शाळेत त्या आठवड्यात दुपारी पोचायलाच तास लागतो. माहीमला बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेची गर्दी. आणि डिसेंबरचे मधले पंधरा दिवस तर विसराच. स्पोर्ट्स डे, अ‍ॅन्युअल डे, कॅरल, ख्रिस्तजन्माचा गोठा, सगळं त्यातच. डिसेंबरात मला भेटायला आलेल्या पालकांशी मी काय बोलले ते मला कधीच आठवलं नाही.

भेटीला जाताना कॅलेंडर, संबंधित वही आणि कागदावर तीन मुद्दे न्या. दोघांपैकी एकानेच बोलायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. मूल सोबत नको. तिसरं माणूस, म्हणजे क्लासचे सर, काका, ओळखीचे नगरसेवक, अजिबात नको.

संबोधन साधं ठेवा. ‘टीचर’ किंवा ‘मिस’, जे मूल म्हणतं तेच. सिस्टरना ‘सिस्टर’, मॅडम नको. फादरना ‘फादर’. बोलणं मराठीत सुरू करायला हरकत नाही, पण टीचर इंग्रजीत किंवा हिंदीत बोलली तर ‘महाराष्ट्रात राहून’ वगैरे सुरू करू नका. तो विषय खरा असला तरी तुमच्या दहा मिनिटांतला नाही.

पहिलं वाक्य महत्त्वाचं. “तुम्ही त्याला का ओरडलात?” याऐवजी “मंगळवारी वर्गात काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचं होतं.” आठ वर्षांचं मूल खोटं बोलत नाही, पण अर्धं सांगतं. उरलेला अर्धा भाग टीचरकडे असतो. तो ऐकल्याशिवाय मत मांडू नका.

निघताना ठरलेलं मोठ्याने बोला: “म्हणजे पंधरा दिवस तो पुढे बसेल, मी रोज वही बघते, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तुम्ही कॅलेंडरात लिहाल.” घरी आल्यावर तेच दोन ओळींत कॅलेंडरात लिहून पाठवा. टीचरने त्याखाली सही केली की तो कागद पुढच्या सगळ्या पायऱ्यांना कामाला येतो.

✔ तपासा: भेटीत ठरलेल्या गोष्टीत टीचरचं एक काम, घरचं एक काम आणि एक तारीख आहे ना? तारीख नसेल तर नुसत्या गप्पा झाल्या.

टप्पा ५: ओपन डे, म्हणजे तीन मिनिटं

ओपन डेला पालकांना बोलावून पेपर आणि रिपोर्ट कार्ड दाखवतात. हिशोब करा. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, मुलं पंचावन्न. वाट्याला सव्वातीन मिनिटं, त्यातलं एक रिपोर्ट कार्डवर सही करण्यात आणि पेपर शोधण्यात जातं. ओपन डेला नवा विषय काढायचा नसतो. तो आधी चिठ्ठीत काढायचा, ओपन डेला फक्त उत्तर घ्यायचं.

रांगेत असतानाच पेपर बघून घ्या. मार्कांची बेरीज चुकली असेल तर ती तिथेच, शांतपणे, पेपर समोर ठेवून दाखवा. टीचर चुकतात, मीही चुकले, पाच सेकंदांत दुरुस्त होतं. पण ‘पाऊण मार्क का कापला’ यावर मागचे वीस पालक तुमच्याकडे बघत असतात. एकच प्रश्न न्या. माझा आवडता: “याला पुढच्या महिन्यात एकच गोष्ट सुधारायची असेल तर ती कोणती?” बहुतेक टीचर यावर क्षणभर थांबतात आणि मग खरं उत्तर देतात.

शेजारच्या मुलाचे मार्क विचारू नका. आणि बाबा, ऑफिसचा फोन बाहेर घ्या.

धर्माचे प्रश्न: कोणत्या तासाला, ते आधी विचारा

हा वेगळा टप्पा नाही, पण दरवर्षी याच मुद्द्यावर कोणी ना कोणी तडक हेडमिस्ट्रेसकडे जातं.

मूल घरी जेवायच्या आधी क्रूसाची खूण करतं आणि आजी घाबरते. मुलं असेंब्लीत रोज जे बघतात ते करतात. आमच्या वर्गातली कॅथलिक मुलंही गणपतीत ‘मोरया’ म्हणायचीच. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा (त्यांच्या धर्मशिक्षणाचा) तास असतो, त्याच वेळी इतरांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन. तुमचं मूल चुकून दुसऱ्या खोलीत बसतं का, एवढं क्लास टीचरला विचारा. संविधानाचं कलम २८(३) सांगतं की राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना कोणावर संमतीशिवाय लादता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. त्यामुळे प्रवेशाच्या अर्जात तुम्ही कशावर सही केलीत ते आधी काढून बघा. बोलायचं असेल तर एवढंच पुरतं: “प्रार्थनेला तो शांत उभा राहील, म्हणणार नाही, चालेल ना?” मी पाहिलेल्या शाळांत याला नाही म्हटलेलं आठवत नाही. कलमाचा आकडा मनात ठेवा, पहिल्याच वाक्यात फेकू नका.

मेंदी, राखी, हातातला गंडा, टिकली यांवरून रिमार्क येतात. नियम छापलेला असेल तर तो सगळ्यांना असतो, ख्रिस्ती मुलींच्या नेलपॉलिशलाही. मावशीच्या लग्नात मेंदी काढायची असेल तर आदल्या दिवशी दोन ओळी लिहा. नंतर लिहिलेली तीच चिठ्ठी सबब वाटते.

गणपतीला गावी जाणारे पालक खास लक्ष द्या. शाळेची सुट्टी ठरलेली असते, आपला मुक्काम गौरी-विसर्जनापर्यंत किंवा त्याहून लांबतो, आणि बऱ्याच शाळांत पहिली चाचणी त्याच सुमारास असते. कोकण रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढता, त्याच दिवशी रजेची चिठ्ठीही लिहा. ‘ताप होता’ असं परतल्यावर लिहू नका. मूल सोमवारी सगळ्या वर्गाला आरतीच्या व्हिडिओबद्दल सांगत असतं.

टप्पा ६: वर जायचं असेल तर

दोन चिठ्ठ्या आणि एक भेट होऊनही काही हललं नाही, तर सुपरव्हायजर, मग हेडमिस्ट्रेस. जाण्याआधी टीचरला सांगा: “मी याबद्दल सिस्टरना भेटणार आहे.” हे अवघड वाटतं, पण पाठीमागून गेल्याचा राग राहत नाही. अर्ज एक पानाचा, तारीखवार, कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स जोडून. दोन प्रती, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि आवक क्रमांक. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे तोंडी बोलणंच.

शाळेबाहेर जायची वेळ आली तर ऑफिस नीट निवडा. मुंबईत खासगी प्राथमिक शाळांचा विषय महापालिकेच्या शिक्षण खात्याकडे असतो, माध्यमिकचा राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे. चौथीची तक्रार शिक्षण निरीक्षकांकडे देऊन दोन महिने वाट बघितलेले पालक मला माहीत आहेत. कॅथलिक शाळा आर्चडायोसिसची (आर्चबिशपच्या अखत्यारीतली) असेल तर तिच्या शिक्षण मंडळाकडेही लिहिता येतं.

⚠ थांबा: “आरटीईखाली तक्रार करीन” ही धमकी इथे बहुधा फुकट जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, शिक्षण हक्क कायदा (आरटीई) लागू नाही असं ठरवलं. शाळेला हे पाठ असतं. पंचवीस टक्के राखीव प्रवेशाचा मुद्दाही म्हणूनच या शाळांत चालत नाही.

फीचा प्रश्न एकट्याने भांडायचा नसतो, तो पीटीएचा. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ (पीटीए) बनतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. जूनमध्ये तो कागद येतो तेव्हा नाव द्या. नंतर ‘पीटीएत सगळे मुख्याध्यापकांचे लोक’ म्हणायला तेच पुढे असतात, ज्यांनी जूनचा कागद रद्दीत टाकलेला असतो.

क्रम सोडून थेट वर जायच्या गोष्टी

वरचा सगळा क्रम नेहमीच्या कुरबुरींसाठी आहे. मारहाण, मुलाला अंधारात किंवा बाहेर उभं करणं, कपडे काढायला लावणं, कोणाचाही, शिपायाचा, व्हॅनवाल्याचा, मोठ्या मुलाचा नको तो स्पर्श, यात चिठ्ठी नाही आणि दोन दिवस थांबणं नाही. त्याच दिवशी हेडमिस्ट्रेसला भेटा, लेखी द्या. मुलाच्या अंगावर वळ असतील तर आधी डॉक्टर आणि त्यांचा कागद. अल्पसंख्याक शाळा असो नाहीतर कोणतीही, बाल न्याय कायदा २०१५ आणि पोक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) सगळ्यांना लागू आहेत. पोक्सोखालचा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, शाळेलाही. “आपण आत मिटवू” असं कोणी म्हणालं तर उठा आणि पोलीस स्टेशनला जा. मुलांची हेल्पलाइन १०९८.

मुलाला पुन्हा पुन्हा तीच हकीकत सांगायला लावू नका. एकदा ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय

गृहपाठ विचारायला ठीक. टीचरबद्दल एक ओळही नको. स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये असतो, हे मी शपथेवर सांगते, आणि पाठवणारी बहुतेक वेळा ग्रुपवर सगळ्यात जास्त ‘अगदी खरं’ लिहिणारी असते. दुसऱ्याच्या मुलाच्या वहीचा, रिमार्कचा, मार्कांचा फोटो टाकू नका.

टप्पा ७: मार्च-एप्रिलची आवराआवर

रिपोर्ट कार्ड घेताना त्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आता अपार आयडीसाठीही (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) शाळेतलं आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. चूक असेल तर प्रायमरीतच ऑफिसात अर्ज द्या. तेव्हा जे एका अर्जाने होतं त्याला दहावीनंतर खेटे पडतात. हे टीचरला सांगून उपयोग नाही हे वर सांगितलंच आहे, तरी पुन्हा सांगते, कारण एप्रिलमध्ये माझ्याकडे दरवर्षी तीन-चार जण यायचेच.

कॅलेंडर रद्दीत देऊ नका. अनेक शाळा दरवर्षी डिव्हिजन बदलतात, नवी टीचर मुलाला ओळखत नाही आणि जुनीला आठवायला वेळ नसतो. डोळ्यांचा नंबर, औषध, कोणाशेजारी बसवल्यावर भांडण होतं, गेल्या वर्षी काय ठरलं होतं, हे सगळं त्या पानांत असतं. माझ्या मुलीच्या वेळी नव्या टीचरला द्यायची सहा ओळींची चिठ्ठी मी मे महिन्यातच लिहून जुन्या कॅलेंडरच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवायचे. जूनमध्ये नवं कॅलेंडर हातात आलं की फक्त टीचरचं नाव आणि तारीख टाकायची.